संगणकाचे विरजण

वाचकहो, घरात दही संपत आले म्हणजे आजी काय सांगते, ते आठवून पाहा. “सगळं वाढू नका रे, चमचाभर विरजणाला राहू द्या!” कारण उघड आहे. दह्यासाठी दूध लागते, तसे थोडे दहीही लागते. ज्या घरात याचा विसर पडतो, त्या घरचे कोणी तरी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभे राहते.

शेतकऱ्याला हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने ठाऊक आहे. विहिरीवरचा पंप कोरडा पडला असला, तर नुसते बटन दाबून पाणी वर येत नाही. आधी पंपात पाणी ओतावे लागते, मग तो पाणी ओढू लागतो. म्हणजे पाणी काढायलाही आधी थोडे पाणी हवेच.

आज मी तुम्हांला संगणकाच्या विरजणाची हकीगत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, “संगणकाला कसलं आलंय विरजण?” पण थोडा धीर धरा.

आता गावोगावच्या शाळांत आणि कचेऱ्यांत संगणक आले आहेत. मुलांचे निकाल, दाखले, हजेरी हे सारे त्यात साठवलेले असते. रात्री अवचित वीज जाते. सकाळी कोणी बटन दाबतो, आतला पंखा घुमू लागतो, काळ्या पडद्यावर एखादी ओळ उमटते, आणि यंत्र तिथेच थबकते. गुरुजींच्या पोटात धस्स होते. वर्षभराचे निकाल गेले की काय? पुष्कळदा निकाल कुठेच गेलेले नसतात. चकतीवर ते जसेच्या तसे असतात. बिघडलेले असते ते यंत्राचे ‘उठणे’. घर शाबूत आहे, पण आत शिरायचा दरवाजा अडकला आहे, अशी ती गत असते. हा दरवाजा कसा असावा, कुठे असावा, याचा विचार माणसे गेली सत्तर वर्षे करीत आहेत. त्या विचाराचा हा इतिहास आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक वेगवान, पण वीज गेली की सारे विसरणारी. दुसरी चकतीवरची, सावकाश चालणारी, पण वीज गेली तरी न विसरणारी. काम चालते ते पहिल्या स्मृतीत. कामाच्या सूचना मात्र जपून ठेवलेल्या असतात दुसरीत. सकाळी यंत्र सुरू होते तेव्हा पहिली स्मृती कोरी पाटी असते. चकतीवरच्या सूचना उचलून तिथे आणायला हव्यात. पण उचलून आणायचे कसे, हीदेखील एक सूचनाच! ती कोण देणार? वाचायला शिकवणारे पुस्तक वाचायचे, तर आधी वाचता यायला हवे. असा हा पेच आहे.

इंग्रजीत या पेचाची एक थट्टा आहे. उंच बूट पायात चढवण्यासाठी मागे कातड्याचा पट्टा असतो. तो पट्टा ओढून स्वतःच स्वतःला जमिनीवरून उचलायचे, अशी ती अशक्य कसरत. त्या पट्ट्याच्या नावावरून ‘बूटस्ट्रॅप’ आणि पुढे नुसते ‘बूट’ असे नाव संगणकाच्या उठण्याला पडले. आज आपण सहज म्हणतो, “संगणक बूट होत नाही.” त्यामागे ही गंमत आहे.

सुरुवातीच्या काळात हे विरजण माणूस स्वतःच्या हाताने घालीत असे. १९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या अमेरिकन यंत्राला ‘लोड’ नावाचे एक बटन होते. ते दाबले की यंत्र भोकांच्या कार्डावरून, फितीवरून किंवा ढोलावरून पहिली सूचना उचलून घेई, आणि ती सूचना पुढच्या सूचना उचलून आणी. पुढे १९७०च्या सुमारास आलेल्या पीडीपी-११ या यंत्राच्या तोंडावर खटक्यांची एक ओळ असे. चालवणारा माणूस खटके वर-खाली करून दहा-पंधरा आकडे एकेक करून आत भरी. एक खटका चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. नंतर हेच आकडे कायमचे कोरलेली छोटी स्मृती यंत्रातच बसवू लागले. तुमच्या शाळेतल्या संगणकातही अशी स्मृती आहे. हा झाला विरजणाचा पहिला चमचा.

पण एवढ्याने भागत नाही. हा पहिला चमचा फक्त चकतीपर्यंत पोचवतो. चकतीवर काय कुठे ठेवले आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. खरी कहाणी सुरू होते ती इथे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा होती. १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची या संशोधकांनी तिथे ‘युनिक्स’ नावाच्या कार्यप्रणालीला आरंभ केला. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणाला किती स्मृती द्यायची, चकतीवर कोणती फाइल कुठे ठेवायची, हे सारे तो पाहतो. १९७१च्या सुमारास त्यांचे काम ज्या यंत्रावर चाले, त्याची स्मृती होती २४ हजार बाइटांची आणि चकती होती सुमारे ५ लाख बाइटांची. एका बाइटात एक रोमन अक्षर मावते असे धरा. म्हणजे अख्ख्या चकतीवर मावणार एखादे जाडसे पुस्तक!

या प्रणालीने फाइली ठेवण्यासाठी कप्पे केले होते. या कप्प्यांना ‘डिरेक्टरी’ म्हणतात. सर्वांत वरचा कप्पा म्हणजे ‘रूट’, अर्थात मूळ. मुळातून फांद्या फुटाव्यात तसे बाकीचे कप्पे त्यातून निघत. ‘बिन’ या कप्प्यात रोजच्या आज्ञा असत, ‘ईटीसी’ या कप्प्यात यंत्र उठवण्याच्या आणि व्यवस्थेच्या गोष्टी असत, आणि ‘युएसआर’ या कप्प्यात वापरणाऱ्या माणसांच्या खासगी फाइली. ‘युझर’ या शब्दाचेच ते आखूड रूप.

मग झाले काय, की घर लहान आणि माणसे वाढली. नव्या चकत्या आल्या. १९७४ साली या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांच्या घरातली मांडणी सांगितलेली आहे. मूळ कप्पा वेगवान पण छोट्या चकतीवर, आणि माणसांच्या फाइली मोठ्या चकतीवर. यंत्र आधी छोट्या चकतीच्या आधाराने उठे, आणि उठल्यावर मोठी चकती मुळाला जोडून घेई. पुढे आज्ञा इतक्या वाढल्या की त्यांतल्या काही ‘युएसआर’मध्येच एक नवे ‘बिन’ काढून तिकडे हलवल्या. माजघरात जागा उरली नाही म्हणून काही डबे पाहुण्यांच्या खोलीत ठेवावेत, तसा हा प्रकार होता. १९७९ साली निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्टच नोंदलेले आहे. पहिले ‘बिन’ लहान राहावे म्हणून दुसरे ‘बिन’ केले, असा तिचा आशय आहे.

आता नीट ध्यान द्या. मोठी चकती जोडण्याची जी आज्ञा आहे, ती कुठे ठेवायची? ती जर मोठ्या चकतीवर ठेवली, तर ती चकती जोडल्याशिवाय आज्ञा मिळायची नाही, आणि आज्ञा मिळाल्याशिवाय चकती जोडली जायची नाही! कोठीची किल्ली कोणी कोठीत ठेवून कुलूप घालतो काय? काड्यापेटी कोनाड्यातच ठेवतात, कारण ती अंधारात चाचपून सापडली पाहिजे. म्हणून यंत्र उठवायला, चकती तपासायला आणि दुसरी चकती जोडायला जे लागते, ते सारे मुळाच्याच चकतीवर राहिले.

जागेच्या तंगीतून निघालेल्या या वाटणीतून अशा रीतीने एक शहाणपणाचा नियम तयार झाला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ सुरू केले. थोड्याच काळात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येकाचे कप्पे निराळे होऊ लागले. तेव्हा १९९४ साली कप्प्यांच्या मांडणीचा एक सामाईक नियम लिहिला गेला. मूळ विभागात काय असावे, तर यंत्र उठवता येईल, बिघडल्यास दुरुस्त करता येईल आणि जपून ठेवलेली प्रत परत बसवता येईल, एवढे सामान असावे, बाकीचे दुसरीकडे. मूळ विभाग लहान का असावा, याची कारणेही त्या परंपरेत सांगितली आहेत. जी गोष्ट लहान असते आणि जिच्यावर रोज लिहिले जात नाही, ती वीज गेल्यावर बिघडण्याचा संभव कमी असतो.

मी ‘विभाग’ हा शब्द वापरला, तो आता उलगडून सांगतो. एकाच वावराला बांध घालून आपण दोन-चार तुकडे पाडतो, तसे एकाच चकतीचे तुकडे पाडता येतात. इंग्रजीत त्यांना पार्टिशन म्हणतात. एका तुकड्यात पाणी तुंबले तरी बांधामुळे ते दुसऱ्यात जात नाही. निकालांच्या फाइलींनी आपला विभाग काठोकाठ भरला, तरी यंत्र उठवणाऱ्या विभागात जागा राहते, ती याच बांधामुळे.

बांध घातले की त्यांची नोंद हवी, नाही का? आपल्याकडे सातबारा असतो, तसा चकतीचाही सातबारा असतो. मार्च १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने १ कोटी बाइटांची चकती बसवलेला ‘पीसी एक्सटी’ हा संगणक आणला, तेव्हा त्याच्या कार्यप्रणालीबरोबर हा सातबाराही आला. तो चकतीच्या अगदी पहिल्या खणात असतो. हा खण केवळ ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट उठवणाऱ्या सूचनांसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी, आणि शेवटचे दोन बाइट ‘हा खण उठवण्यालायक आहे’ अशा शिक्क्यासाठी. बेरीज करून पाहा, बरोबर ५१२ भरेल. कोणता विभाग कुठे सुरू होतो, किती मोठा आहे, आणि कोणत्या विभागातून उठायचे, एवढे या चार ओळींत लिहिलेले असते.

व्यवस्था सुटसुटीत होती, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की हा सातबारा एकच. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. तो एक खण बिघडला, की विभाग शाबूत असूनही यंत्राला त्यांचा पत्ता लागत नसे. दुसरी उणीव हिशोबाची. उठण्याच्या वेळी चकती वाचणाऱ्या जुन्या सूचनांना चकतीची पहिली १०२४ वर्तुळेच मोजता येत. चकत्या मोठ्या झाल्या, तरी मोजदाद तिथेच अडलेली. मग कारभाऱ्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, जर १०२४व्या वर्तुळापलीकडे पडला, तर यंत्राला तो सापडेना. यावर तोड म्हणून चकतीच्या आरंभालाच ‘बूट’ नावाचा एक छोटा विभाग बांध घालून वेगळा ठेवू लागले. त्यात फक्त उठण्याचे सामान. हाच तो विरजणाचा वेगळा काढलेला चमचा!

त्या काळी लिनक्स उठवण्यासाठी ‘लिलो’ नावाची एक छोटी आज्ञावली असे. ती फाइलीचे नाव ओळखत नसे. गाभा चकतीच्या कोणत्या खणांत आहे, त्या खणांचे आकडे ती टिपून ठेवी. उठताना ती आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरे आली तर सारे ठीक. दोनच अक्षरे येऊन यंत्र थांबले, तर जाणत्याला कळे की पुढच्या पायरीची जागा हुकली. गाभा नवा बसवला आणि लिलोला नवे आकडे टिपायला सांगायचे राहिले, की हा घोटाळा होण्याची भीती असे. बिऱ्हाड बदलले, पण पोस्टमनला नवा पत्ता दिला नाही, तसे ते होई. पुढे आलेल्या ‘ग्रब’ या आज्ञावलीला डिरेक्टऱ्या वाचता येत, म्हणून ही अडचण पुष्कळ कमी झाली.

वाचकहो, कप्पे नीट ठेवण्याची ही गोष्ट केवळ टापटिपीची नाही. एका प्रसंगी ती थेट मंगळावर जाऊन ठेपली. १० जून २००३ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची गाडी मंगळाकडे धाडली. ४ जानेवारी २००४ रोजी ती तिथे सुखरूप उतरली आणि कामाला लागली. पण २१ जानेवारीला तिच्याशी बोलणे तुटले. पृथ्वीपासून सतरा कोटी किलोमीटरांहून अधिक दूर ती उभी. दुरुस्तीला माणूस पाठवण्याची सोय नाही.

शोध घेता लक्षात आले, की गाडीचा संगणक उठत होता, उठता उठता कोसळत होता, आणि पुन्हा उठू पाहत होता. असे साठाहून अधिक वेळा झाले. रात्री तिने विजेची बचत म्हणून झोपायचे, तर तीही झोप नाही. विजेऱ्या उतरत चाललेल्या. कारण काय निघाले? गाडीच्या कायम स्मृतीत फाइली साठत गेल्या होत्या. प्रवासातल्या जुन्या फाइलीही होत्या. उठताना संगणक त्या साऱ्यांच्या डिरेक्टरीची नक्कल आपल्या वेगवान स्मृतीत उतरवून घेई. ही यादी एवढी लांबली, की तिला तिथे जागा पुरेना. जागा पुरली नाही की यंत्र कोसळे, आणि पुन्हा उठताना पुन्हा तीच यादी वाची. शिवाय फाइल पुसली, तरी यादीने अडवलेली जागा मोकळी होत नसे.

पण गाडी रचणाऱ्यांनी एक वाट राखून ठेवली होती. ती फाइलींची कायम स्मृती न जोडता, नुसत्या तात्पुरत्या स्मृतीच्या आधाराने उठण्याची सोय संगणकात होती. पासाडेना येथील अभियंत्यांनी तसा संदेश पाठवला. गाडी स्थिर उभी राहिली, आणि तिने उत्तर दिले. मग त्यांनी जुन्या फाइली काढल्या, फेब्रुवारीत ती स्मृती पुसून पुन्हा नव्याने मांडली, आणि गाडी कामाला लागली. तिला नव्वद मंगळ-दिवसांसाठी पाठवले होते. मार्च २०१० पर्यंत ती बोलत राहिली. विचार करा, ती राखून ठेवलेली वाट नसती, तर सहा वर्षांचे ज्ञान अठराव्या दिवशीच संपले असते. पाहुण्यांच्या खोलीत पसारा झाला, म्हणून घराचा दरवाजा अडता कामा नये, हाच बेल प्रयोगशाळेतला धडा इथेही कामी आला.

यानंतरची सुधारणा थोडक्यात सांगतो. चकतीच्या सातबाऱ्याची नवी पद्धत आता रूढ झाली आहे. तिला जीपीटी म्हणतात. तीत एक प्रत चकतीच्या आरंभी आणि दुसरी अगदी शेवटी असते, शिवाय नोंदीत फेरफार झाला तर तो ताडून पाहण्याची बेरीजही बरोबर असते. उठण्याच्या सामानाला स्वतंत्र विभाग असतो. २०१६ सालापासून अनेक अँड्रॉइड फोनांत याच्याही पुढची सोय आली. कार्यप्रणालीचे दोन संच शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तुम्ही एक संच वापरीत असता, तेव्हा नवी सुधारणा दुसऱ्या संचात बसवली जाते. नव्या संचातून फोन उठला नाही, तर तो आपण होऊन जुन्याकडे परततो. एक कणगी उघडायची, तेव्हा दुसरी राखून ठेवायची, ही आपल्या जुन्या घरांची रीतच नव्हे काय?

आणि एक गंमत पाहा. ज्या दोन ‘बिन’ कप्प्यांवरून आपण गोष्ट सुरू केली, ते आता पुष्कळ लिनक्स प्रणालींत पुन्हा एक झाले आहेत. फेडोरा या प्रणालीने हे २०१२ साली केले. डेबियनने २०२३ सालच्या आवृत्तीत ते सक्तीचे केले. कारण आता यंत्र उठताना एक छोटीशी तात्पुरती डिरेक्टरीच स्मृतीत उतरवते, आणि चकत्या जोडण्याचे सामान तीतच असते. विरजणाची वाटी बदलली, म्हणून जुनी भिंत पाडता आली. या बदलावर पुष्कळ वाद झाले. भिंत का बांधली होती हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाच ती केव्हा पाडावी हेही कळले. नियम पाळावा, पण त्याचे कारणही मुलांना सांगावे, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

आता शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. शाळेच्या संगणकात निकाल आणि दाखले कार्यप्रणालीच्या विभागात ठेवू नका. त्यांना वेगळा विभाग द्या. मग प्रणाली पुन्हा बसवायची वेळ आली, तरी त्यांना हात लावावा लागत नाही. दुसरे, विभाग वेगळा केला म्हणजे प्रत झाली असे समजू नका. बांध घातला तरी वावर एकच. चकतीच गेली तर सारे विभाग बरोबर जातील. म्हणून एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या चकतीवर असू द्या. तिसरे, ज्यावरून यंत्र उठवता येईल असा एक पेनड्राइव्ह तयार करून, एकदा वापरून पाहून, कपाटात ठेवा. आणि चौथे, प्रणालीत सुधारणा चालू असताना बटन बंद करू नका, आणि विजेचा भरवसा नसेल तर ती सुधारणा त्या वेळी लावू नका.

एवढे केलेत, तर एखाद्या सकाळी पडदा काळा राहिला तरी पोटात धस्स होणार नाही. कपाटातला पेनड्राइव्ह लावाल, दार उघडाल, आणि आतले निकाल जागच्या जागी सापडतील. आजीने विरजण आधीच बाजूला काढून ठेवलेले असते, म्हणून तिला सकाळची चिंता नसते.